बापटसाहेबांचा एकुलता एक खड्डा

बापटसाहेब मला कधीच आवडले नाहीत. हे मी त्यांच्या माघारी लिहिते आहे असंही कुणी समजू नये. ते हयात आहेत, धडधाकट आहेत, आणि हा कागद त्यांच्या हाती लागला तर लाल पेन घेऊन बसतील याची मला खात्री आहे. बसू देत. आठवणीत राहायला माणूस चांगलाच असावा लागतो, असा काही कायदा नाही.

लखनौला आम्ही साडेचार वर्षं काढली. नवरा हवाई दलात, त्यामुळे राहायला बख्शी का तालाबला, हवाई तळाच्या वसाहतीत. क्वार्टरच्या भिंतीपलीकडे लगेच गव्हाची शेतं. मी तिथल्याच एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायचे. दिवसभर हिंदी बोलून जीभ वाकडी व्हायची, म्हणून अधूनमधून स्कूटी काढून इंदिरा नगरच्या मराठी मंडळात जायचे. तिथं हळदीकुंकवाला एका बाईंनी कानात सांगितलं, "रविवारी अकराला वरच्या खोलीत ताऱ्यांचा वर्ग भरतो. तुम्ही सायन्सच्या ना? पण जाऊ नका हाँ."

"का?"

"बापटसाहेब घेतात. टोचून बोलतात फार."

मी पुढच्याच रविवारी गेले.

खोलीत दहा-बारा माणसं होती. बँकेतली, सरकारी कंपन्यांतली, काही निवृत्त. दोन-तीन लॅपटॉप आणि समोर एक उंच, हाडकुळा म्हातारा. अंगात कारखान्याचं तपकिरी जाकीट. हे जाकीट मी पुढं मे महिन्यातही त्यांच्या अंगावर पाहिलं. विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका सरकारी कारखान्यात ते पस्तीस वर्षं तपासणी विभागात होते. म्हणजे दुसऱ्यानं घडवलेली वस्तू मोजायची आणि केसभर जरी चुकली असली तरी बाद करायची. निवृत्त झाले तेव्हा खात्यानं भेट काय हवी विचारलं, तर यांनी आपली स्टीलची फूटपट्टी मागून घेतली. ती सतत वरच्या खिशात असायची.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"संगीता गायकवाड."

"शिक्षण?"

"बी.एस्सी. फिजिक्स."

"कुठून?"

"परभणी."

"म्हणजे पाठ केलेलं."

दोघं-तिघं हसले. माझे वडील परभणीच्या मोंढ्यात पोती उचलायचे. आई सही करायला माझ्याकडून शिकली. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि माझ्या डिग्रीबद्दल असं बोललेलं मी माझ्या सासऱ्यांचंही ऐकून घेतलं नव्हतं.

"हो, पाठ केलेलंच," मी म्हणाले. "आमच्या घरात पाठ करायलासुद्धा आधी कुणी बसलं नव्हतं."

"मग बसा आता," असं म्हणून ते फळ्याकडे वळले.

हा वर्ग करायचा काय ते सांगते. अवकाशात एक दुर्बीण आहे. ती आकाशाच्या एका तुकड्याकडे सुमारे महिनाभर टक लावून बघते, मग दुसऱ्या तुकड्याकडे वळते. हजारो ताऱ्यांचा उजेड ती सतत मोजत असते. एखाद्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला तर तेवढे तास त्या ताऱ्याचा उजेड अगदी किंचित कमी होतो, आणि आलेखाच्या सरळ रेषेत एक खळगा पडतो. बापटसाहेब त्याला खड्डा म्हणायचे, म्हणून आम्ही सगळेच खड्डा म्हणायचो. ही सगळी मोजमापं जगभर कुणालाही फुकट बघायला मिळतात. संगणक बरेच खड्डे शोधतो, काही त्याच्या नजरेतून सुटतात, आणि ते आमच्यासारखी हौशी माणसं शोधतात. सापडला तर तिकडच्या शास्त्रज्ञांना कळवायचं. त्यांनी मान्य केला तर यादीत नाव लागतं. त्या नावासाठी माणूस रविवारची झोप सोडून येतो.

बापटसाहेबांची पद्धत सगळ्या जगाहून वेगळी होती. लॅपटॉपवर बघायचं फक्त आकडे उतरवून घेण्यापुरतं. मग ते मिलिमीटरच्या आलेख-कागदावर पेन्सिलीनं मांडायचे, आणि खड्ड्याची खोली फूटपट्टीनं मोजायची. एक तारा, एक कागद. "पडद्यावर सगळंच छान दिसतं," ते म्हणायचे. "हातानं काढलं की खोटं बोटाला लागतं."

दुसरा त्यांचा नियम 'बहुधा'चा. वर्गात कुणी बहुधा, कदाचित, शायद यांतलं काही बोललं, तर त्यानं उभं राहायचं आणि पुढचा पक्का आकडा सांगेपर्यंत बसायचं नाही. बँकेतले पाठक अर्धा वर्ग उभ्यानेच काढायचे. चहा बापटसाहेब घ्यायचे नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "चहा पोटात गेला की माणूस अंदाज बांधायला लागतो."

आणि अंदाज म्हणजे त्यांच्या लेखी शिवी होती.

ते दिवस मोठे गमतीचे होते. दर दोन-तीन महिन्यांनी वर्तमानपत्रात येत होतं, दुसरी पृथ्वी सापडली. कधी 'महापृथ्वी', कधी 'समुद्रांचा ग्रह'. एकदा बातमी आली की दूरच्या एका ग्रहाच्या हवेत एक असा वायू दिसल्याची शंका आहे, जो आपल्याकडे समुद्रातले जीव सोडतात. त्या रविवारी पाठक धावतच वर आले.

"सर, पेपर पाहिला? अबकी बार पक्का! आपल्या हयातीत सापडणार यार."

"काय सापडणार?"

"कुणीतरी. तिथं कुणीतरी असणार ना."

"पाठक, तुमच्या बँकेत काउंटरवर कुणीतरी सापडतं का, ते आधी बघा."

सगळे हसले. पाठकही हसले, पण कान लाल झाले होते. बापटसाहेबांनी खिशातून ते कात्रण काढलं. त्यांनी ते आधीच तपासून आणलं होतं. 'शक्यता', 'संकेत', 'वैज्ञानिकांना आशा' यांच्याखाली लाल रेघा, आणि वर शाळेत देतात तसे गुण: दहापैकी दोन. अशी तपासलेली कात्रणं ते संपादकांना पोस्टानं परत पाठवायचे. उत्तर कधी आलं नाही.

मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात आमच्या वर्गाला एक भिंत मिळाली होती. सहस्रबुद्धेबाईंच्या नऊ वर्षांच्या मुलीनं एक मोठा कागद रंगवून आणला. जांभळा समुद्र, दोन सूर्य, आणि किनाऱ्यावर तीन पायांचा कोणीतरी. पाहुणे यायच्या दहा मिनिटं आधी बापटसाहेब आले, त्या चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हा समुद्र कुणी पाहिलाय?"

"पाहिलेला नाही, कल्पना आहे तिची," सहस्रबुद्धेबाई म्हणाल्या.

"मग उतरवा."

पोरीला मराठी कळायचं, पण बोलायची हिंदीच. ती म्हणाली, "अंकल, नहीं है, ये भी तो आपने नहीं देखा."

"बरोबर," ते म्हणाले. "म्हणून मी काही काढलंच नाही." आणि स्वतःच्या हातानं टाचण्या काढून त्यांनी कागदाची गुंडाळी तिच्या हातात दिली. सहस्रबुद्धेबाई त्या दिवसापासून वर्गाला आल्या नाहीत. पोरीच्या उत्तराला बापटसाहेबांकडे उत्तर होतं, हे मला त्या वेळी फार लागलं. लहान मुलापुढं तरी माणसानं निरुत्तर व्हावं.

माझी पाळी त्यानंतरच्या हिवाळ्यात आली. मला एक तारा सापडला. दर सव्वातीन दिवसांनी एक खड्डा, घड्याळ लावल्यासारखा. सत्तावीस दिवसांत आठ. मी तीनदा मोजलं. संगणकाच्या यादीत तो नव्हता. शाळेत मी मुख्याध्यापिकांना सांगितलं, त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला सांगितलं. परभणीला फोन केला. वडिलांना ग्रह म्हणजे शनी-मंगळ एवढंच ठाऊक. ते म्हणाले, "आपल्याला त्याचा त्रास तर नाही ना होणार?" नवऱ्यानं आमच्या लाइनीतल्या सगळ्या क्वार्टरांत मिठाई वाटली.

रविवारी मी आलेख-कागद बापटसाहेबांसमोर ठेवला. त्यांनी फूटपट्टी काढली. एकेक खड्डा मोजत गेले. प्रत्येकाचा आकडा पेन्सिलीनं शेजारी लिहीत गेले.

"पहिला, तिसरा, पाचवा, सातवा: चौदा घरं," ते म्हणाले. "दुसरा, चौथा, सहावा, आठवा: अकरा घरं. गायकवाडबाई, ग्रह एकदा जास्त आणि एकदा कमी उजेड अडवतो का?"

मी वाकून घरं मोजली. चौदा, अकरा.

"हे दोन तारे आहेत. एकमेकांभोवती फिरताहेत. एकदा हा त्याला झाकतो, एकदा तो ह्याला. तुम्ही आठही खड्डे मोजलेत, पण एकमेकांशेजारी ठेवून नाही मोजलेत." मग लाल पेन काढून माझ्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत त्यांनी आडवं लिहिलं: बाद. खाली तारीख आणि सही.

"मिठाई वाटलीत म्हणे," ते कागद परत देताना म्हणाले.

"हो."

"बरं केलंत. पचली की लोक विसरतात."

घरी जाताना मुन्शी पुलियाच्या सिग्नलला मी हेल्मेटच्या आत रडले. चूक माझी होती, ते बरोबर होते, याचाच जास्त राग होता. शाळेत पुढचे सहा महिने कुणी ना कुणी विचारायचं, "मॅडम, आपके प्लैनेट का क्या हुआ?"

वर्ग मी सोडला नाही. सोडला असता तर परभणीची पाठांतरवाली पळाली, असं झालं असतं. आणि दुसरं कारण लिहायला मला जड जातं, तरी लिहिते: नीट मोजायचं कसं हे मला त्या माणसाशिवाय कुणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात आम्ही प्रयोगाचे आकडे मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवायचो.

बापटसाहेबांना हवा तसा आलेख-कागद शहरात एकाच ठिकाणी मिळायचा, अमीनाबादेत एका जुन्या कागदवाल्याकडे. जो कुणी तिकडे जाईल त्यानं गठ्ठा आणायचा असा अलिखित हुकूम होता. एका मार्चमध्ये मी पडद्याचं कापड घ्यायला गेले, तेव्हा गठ्ठाही घेतला आणि परतताना द्यायला त्यांच्या घरी गेले. इंदिरा नगरमध्ये पहिल्या मजल्यावर घर. ते डोळे तपासायला गेले होते. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. त्यांना सगळे माई म्हणायचे. बापटसाहेब जेवढे बोचरे, तेवढ्या माई मऊ. मला त्यांनी बळेच बसवलं, चहा केला.

"तुम्हीच ना त्या, दोन ताऱ्यांवाल्या?" त्या म्हणाल्या.

"मीच. बाद झालेली."

"अगं, मनावर नको घेऊस. पस्तीस वर्षं हेच केलं त्यांनी. दुसऱ्याचं बाद करायचं. स्वतःचं असं आयुष्यात एक काही घडवलं नाही, ही सल आहे मनात. बोलत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हणून तर यांचाही एक आहे."

"काय?"

"तारा."

माईंनी कपाटातून एक फाइल काढली. मी मागितली नव्हती. आत एक आलेख-कागद होता, आणि त्यावर एकच खड्डा. दुर्बिणीनं पहिल्यांदा त्या भागाकडे पाहिलं तेव्हाचा, चार वर्षांपूर्वीचा. एका खड्ड्यानं काही सिद्ध होत नाही. ग्रह असेल तर तो फेरी मारून परत यायला हवा, दुसरा खड्डा पडायला हवा. आणि दुर्बीण त्या भागाकडे परत वळणार होती ती याच उन्हाळ्यात.

"चार वर्षं वाट बघताहेत," माई म्हणाल्या. "नावसुद्धा ठेवलंय त्याचं. मला सांगत नाहीत."

फाइलमध्ये टाइप केलेली दोन पानं होती, तिकडच्या शास्त्रज्ञांना पाठवायची. सगळं तयार. फक्त दुसऱ्या खड्ड्याच्या तारखेसाठी मोकळी जागा ठेवली होती. मी वाचत गेले. खड्डा किती तास टिकला त्यावरून त्यांनी त्या ग्रहाचं वर्ष काढलं होतं, सुमारे दहा महिन्यांचं. त्यावरून ऊन किती पडत असेल, ते काढलं होतं. आणि शेवटच्या ओळीत बापटसाहेबांनी, स्वतःच्या यंत्रावर टाइप करून, लिहिलं होतं की पृष्ठभागावर वाहतं पाणी, किंबहुना समुद्र असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

शक्यता. समुद्र.

कुणाला या जागी त्यांची दया आली असती. मला संताप आला. नऊ वर्षांच्या पोरीच्या समुद्राच्या टाचण्या काढणाऱ्या माणसानं स्वतःचा समुद्र कपाटात ठेवला होता. आणि त्या ताऱ्याचा क्रमांक कागदाच्या डोक्यावर होता, नऊ आकडी. मी तो एका नजरेत पाठ केला. पाठ करणं मला येतं.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. नवरा म्हणाला, "परत सुरू झालं का तुझं?" मी तो नऊ आकडी क्रमांक टाकला. तारा उघडला. खड्डा होता. इतका देखणा खड्डा मी तोवर पाहिला नव्हता. उतरती कड, सपाट तळ, चढती कड. क्षणभर वाटलं, आहे की. म्हातारा बरोबर आहे. आणि खोटं का बोलू, वाईट वाटलं.

मग मी आजूबाजूचे तारे उघडले. इंटरनेटवर दुसऱ्या हौशी लोकांचं वाचून ही सवय मला लागली होती. एका ताऱ्यात काही दिसलं, तर त्याच कोपऱ्यातल्या दुसऱ्या ताऱ्यांत त्याच वेळी काय झालं ते बघायचं. बापटसाहेब हे करत नसत. एक तारा, एक कागद. बाकीच्यांना ते गर्दी म्हणायचे.

पहिल्या शेजाऱ्यात खड्डा होता. त्याच दिवशी, त्याच तासाला. दुसऱ्यातही होता. मी सात तारे पाहिले. सातही जणांचा उजेड एकाच वेळी कमी झाला होता आणि एकाच वेळी परत आला होता. सात वेगवेगळ्या ताऱ्यांपुढून एकाच तासाला सात ग्रह जात नाहीत. पृथ्वीचा भरकटलेला उजेड त्या वेळी दुर्बिणीच्या त्या कोपऱ्यात शिरला होता, आणि तो वजा करताना यंत्रानं जास्तच वजा केलं होतं. खड्डा दुर्बिणीचा होता. ग्रह नव्हताच.

मी फोन करू शकले असते. माईंकडे जाऊन सांगू शकले असते. मी सहा दिवस गप्प बसले आणि रविवारची वाट पाहिली.

रविवारी वर चढले तर नवलच. बापटसाहेबांच्या हातात चहाचा कप होता.

"आज एक दाखवायचंय," ते म्हणाले आणि जाकिटाच्या आतून तो आलेख-कागद काढून त्यांनी फळ्यावर लावला. दुर्बीण त्याच आठवड्यात तिकडे वळणार होती, आणि चार वर्षं कोंडून ठेवलेलं त्यांना आता दाबवत नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. खड्डा, दहा महिन्यांचं वर्ष, ऊन. समुद्राचं नाव नाही काढलं. पण बोलता बोलता म्हणाले, "दुसरा खड्डा बहुधा दुसऱ्या आठवड्यात…"

पाठकांनी हळूच म्हटलं, "सर, उभे राहा."

ते उभेच होते. सगळी खोली हसली, आणि बापटसाहेबही हसले. मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं. दात लहान होते, ओळीत.

मी म्हणाले, "सर, शेजारचे तारे बघितलेत का?"

"कसले शेजारचे?"

मी लॅपटॉप फिरवून समोर धरला. सात आलेख, एकाखाली एक. सातांवर एकाच जागी खड्डा. मी काही समजावून सांगितलं नाही, गरज नव्हती. त्यांनी कप खाली ठेवला, फूटपट्टी काढली आणि पडद्यावर उभी धरली. पडद्यावर काही मोजायचं नाही हा त्यांचाच नियम. पट्टी वरपासून खालपर्यंत सातही खड्ड्यांमधून सरळ गेली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मागून कुणीतरी कुजबुजलं, "बापटसाहेब कॉलनीत शेजाऱ्यांशी बोलत नाहीत, ताऱ्याच्या शेजाऱ्यांशी कुठं बोलणार?" दोन माणसं फिसकन हसली. बापटसाहेबांनी ऐकलं असणार. त्यांनी कागद फळ्यावरून काढला, चार घड्या घालून खिशात ठेवला, आणि साडेअकरा वाजता म्हणाले, "आजचा वर्ग संपला." एरवी वर्ग एकपर्यंत चालायचा.

खाली उतरताना पाठक माझ्या शेजारी आले. "भाभी, आकडा खरा होता तुमचा. पण आज नको होतं. घरी सांगायचं ना यार."

"माझं घरी सांगितलं होतं का त्यांनी?"

"नाही."

"मग?"

पाठक पुढं उतरून गेले. मलाही जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, ते काही वाटेना. दोन रविवार वर्ग भरला नाही. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. जिन्यात तीनदा थांबले. माफी मागायची मला सवय नाही. आमच्याकडे माफी मागायची वेळ आली की माणसं भांडण उकरून काढतात.

दार त्यांनीच उघडलं, साखळी न काढता. फटीतून एक डोळा आणि जाकिटाचं एक बटण दिसत होतं.

"काय हवंय?"

"सर, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले. तसं करायला नको होतं."

"आकडा चुकलाय का तुमचा?"

"नाही."

"वेळ चुकलीय?"

"नाही."

"मग कशाची माफी मागताय? बरोबर मोजलेल्या आकड्याची? असली माफी मागणाऱ्याला मी कारखान्यात दारात उभं केलं नसतं."

"मी मुद्दाम केलं, सर. मला तुम्हाला खाली बघायला लावायचं होतं."

"ते मला दिसलं होतं," ते म्हणाले. "त्यानं आकड्यात फरक पडत नाही."

आणि दार लावलं. आतून माईंचा आवाज आला, "अहो, कोण आहे? आत तरी घ्या." मी दोन पायऱ्या उतरले तेवढ्यात दार परत उघडलं. साखळी तशीच.

"गायकवाडबाई, किती पाहिलेत?"

"काय?"

"शेजारी. किती तारे पाहिलेत?"

"सात."

"सात पुरत नाहीत. वीस पाहायला हवेत," ते म्हणाले, आणि पुन्हा दार लागलं.

ते मला शिकवत होते, की सातांच्या पुढं कुठंतरी त्यांना आपल्या ग्रहाला अजून जागा दिसत होती, हे मला त्या जिन्यात कळलं नाही, आजही सांगता येत नाही. घरी येऊन मी वीस तारे पाहिले. हातानं काढले, वीस कागद, त्यांच्या पद्धतीनं. वीसपैकी वीस.

वर्ग पुढं सुरू झाला असं ऐकलं. मी गेले नाही. एप्रिलच्या शेवटी नवऱ्याच्या बदलीचा कागद आला आणि सामान बांधायला सुरुवात झाली. दुर्बीण त्या भागाकडे वळली होती, पण तिचे नवे आकडे सगळ्यांसाठी खुले व्हायला अजून काही आठवडे होते.

निघायच्या आदल्या दिवशी इंदिरा नगरच्या बाजारात सुतळी घ्यायला थांबले, तर भाजीच्या ठेल्यापाशी बापटसाहेब. हातात कापडी पिशवी. काकड्या घेत होते. प्रत्येक काकडी उचलून उन्हात धरायची, वाक किती आहे ते बघायचं, आणि परत ठेवायची.

"बाबूजी, सब्जी है, बंदूक की नली नहीं है," भाजीवाला म्हणाला. "सीधी कहाँ से लाऊँ?"

बापटसाहेबांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले. मी स्कूटीवर होते, आमच्यात दहा-बारा पावलांचं अंतर. मी नमस्कार केला नाही, त्यांनीही नाही. पण त्यांची नजर हटेना. तोंड किंचित उघडलं होतं. हा माणूस कुणाच्या उत्तरासाठी थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. वीस पाहिलेत का, एवढंच विचारायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

माझ्याकडे आकडा होता. एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. मी टाकला नाही. दया म्हणून, असं मी लिहिणार नाही. तेवढी मी त्यांच्याशी चांगली कधीच नव्हते. अद्दल म्हणून, असंही नाही. नवे आकडे यायला काही आठवडे होते, आणि तेवढे आठवडे त्यांचे होते.

"और कुछ, बाबूजी?" भाजीवाल्यानं विचारलं.

"रुको ज़रा," ते त्याला म्हणाले, माझ्याकडे बघत.

मी स्कूटी सुरू केली.